पहिल्या कुत्र्याचं नाव

ओहायो नदीकाठचा आमचा काचकारखाना ऑक्टोबरात बंद झाला.
भट्टी थंड व्हायला अकरा दिवस लागले.
माणसांना एक दुपार पुरली.

तेव्हापासून ग्रंथालयात
पुस्तक कुणी मागत नाही.
मागतात चष्मा, पेन्सिल, पासवर्ड,
आणि हळूच, मान न वळवता,
"जरा बघता का, हे लाल अक्षरांत काय आलंय?"

व्हर्नन हलुश्का, वय सत्तावन्न.
एकतीस वर्षं पेल्यांच्या कडा गोल करत आला,
म्हणजे तुमचे ओठ कापले नाहीत ते त्याच्यामुळे.
बेकारी भत्त्याच्या पानानं विचारलं : तुम्ही तेच आहात का?
तो मोठ्यानं "हो" म्हणाला.
शेजारच्या टेबलावरचं पोरगं हसलं.

तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव?
डचेस, त्यानं टाइप केलं, एका बोटानं.
चूक.
डचेस. चूक.
"मी पुरलंय तिला, माझ्या हातांनी," तो मला म्हणाला,
जणू साक्षीदार मीच.
तिसऱ्यांदा चूक, आणि खातं चोवीस तास बंद.

मग फोन. दोन तास दहा मिनिटं
तोच सॅक्सोफोन,
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
तोच सॅक्सोफोन,
आणि लाइन कट.

रात्री त्याला आठवलं :
मागच्या ले-ऑफमध्ये खातं उघडलं होतं बायकोनं.
कुत्रा तिचा असणार.
आणि ती चार वर्षांपूर्वी गेली, मेली नाही,
टॅम्पाला गेली.
सकाळी माझ्या टेबलापाशी उभं राहून त्यानं फोन लावला.
तिनं दुसऱ्या रिंगला उचलला.
मी शिक्के मारायचं नाटक करत राहिले.
"रोवीना, एक विचारायचं होतं. तुझा पहिला कुत्रा..."
बराच वेळ तो नुसता ऐकत होता.
मग म्हणाला, "पिकल्स? खरंच पिकल्स?"
त्या महिन्यात पहिल्यांदा हसला.
पिकल्सनं दार उघडलं.

दार उघडलं म्हणजे पैसे आले असं नाही.
दर आठवड्याला तेच प्रश्न :
काम करायला सक्षम होता का?
होतो.
उपलब्ध होता का?
होतो, होतो.
कुठलं काम नाकारलंत का?
"नाकारायला आधी कुणी द्यावं तरी लागतं,"
पण चौकटी दोनच, हो किंवा नाही.
काही कमावलंत का?

इथं तो अडला.
टोमासेलोबाईंच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला होता,
तिनं वीस डॉलर दिले आणि पातेलंभर सूप.
मी म्हणाले, वीस लिही. (खरं तर म्हणणार होते, सोडून दे.)
"आणि सूप? ते कितीचं धरू?"
सूप आम्ही धरलं नाही.

वीस डॉलर लिहिले, भत्ता थांबला.
प्रकरण तपासणीखाली.
तपासणी म्हणजे कोण, ते कुणाला ठाऊक नसतं.
तीन आठवडे तो यायचा, बघायचा, टोपी घालून जायचा.
एकदा फक्त विचारलं,
पेलेबिले धुवायचे असतील तर सांगा.

चौथ्या आठवड्यात टोमासेलोबाई आल्या,
ब्याऐंशी वर्षांच्या, कोटाची बटणं वरखाली लागलेली,
हातात राज्य सरकारचं पाकीट.
"यात मला मालक म्हटलंय,
आयुष्यभर शाळेच्या खानावळीत बटाटे सोलले मी,
आणि आता मालक!"
घाबरल्या होत्या, पण थोड्या ताठही बसल्या होत्या.
फॉर्म आम्ही दोघींनी भरला.
कामगारांची संख्या : एक.
कामाचे एकूण तास : दीड, चहा धरून.
काम संपण्याचं कारण?
त्यांनी पेन माझ्याकडून घेतलं
आणि वळणदार अक्षरांत लिहिलं :
बर्फ वितळला.

पैसे आले, सहाव्या आठवड्यात, मागचे पुढचे मिळून,
वीस डॉलर वजा.

मार्चपासून ग्रंथालय आठवड्यातून तीनच दिवस उघडं राहणार,
नोटीस मीच दारावर चिकटवली.
घरी येऊन एका चिठ्ठीवर
माझ्या पहिल्या मांजराचं नाव लिहून ठेवलं,
स्पेलिंगसकट.